आर्ची गेडिसचा किल्ट

माणसाची लायकी त्याच्या गुडघ्यांवरून ठरत नाही. पण गुडघे कुठे दाखवावेत आणि कुठे झाकावेत हे ज्याला कळत नाही त्याची बाकीची लायकी असून नसल्यासारखीच, यावर जगातल्या सगळ्या चांगल्या गोल्फ क्लबांचं एकमत आहे. किलरॉडनचा क्लब चांगला आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, जिथे समुद्रावरून निघालेला वारा कोणाच्या तरी पँटच्या पायात शिरल्याशिवाय थांबत नाही, तिथे या क्लबने सव्वाशे वर्षं सभ्यता धरून ठेवली आहे, आणि तीही दोन्ही हातांनी.

वेशाचे नियम क्लबच्या दारातच पाटीवर लिहिलेले आहेत. शर्टाला कॉलर हवी. शर्ट आत खोचलेला हवा. अर्धी चड्डी चालेल, पण तिच्यासोबतचे मोजे एक तर घोट्याशी संपावेत नाहीतर गुडघ्याशी. मधेच कुठेतरी थांबणारे मोजे हे निश्चय नसलेल्या माणसाचं लक्षण मानलं जातं. गाडीतळावर उभं राहून बूट बदलू नयेत. (बूट बदलणारा माणूस एका पायावर उभा असतो, आणि एका पायावर उभ्या असलेल्या माणसाबद्दल आदर टिकवणं जड जातं.) स्त्रियांना स्कर्ट चालेल, मात्र तो गुडघ्याच्या वर दोन इंचांपलीकडे जाऊ नये. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत: पुरुषांनी मैदानावर किल्ट घालून खेळू नये.

हा शेवटचा नियम वाचून बाहेरगावचे पाहुणे गोंधळतात, कारण ते भावनेच्या आहारी जाऊन विचार करतात. किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचं कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं, चौकटीचं आणि घड्यांचं पारंपरिक लोकरी वस्त्र, आणि क्लबच्या पुरुष सभासदांपैकी शेकडा नव्वद जणांचं लग्न त्यातच लागलं आहे. उरलेल्या दहांचं लागलेलंच नाही. वार्षिक मेजवानीला पँट घालून आलेल्या माणसाला, घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं जातं. नियमांच्या पाटीच्या बरोबर वर क्लबच्या संस्थापकांचं मोठं तैलचित्र आहे. त्यात संस्थापक किल्टमध्ये आहेत, हातात काठी आहे आणि ते चेंडू मारण्याच्या बेतात आहेत. यावर चिटणीस नॉर्मन पेटिग्रू यांचा खुलासा असा की संस्थापक तैलरंगात असल्यामुळे त्यांचा किल्ट उडत नाही.

मुद्दा उडण्याचाच आहे. किल्टच्या आत काय असतं, हा प्रश्न सभ्य माणूस विचारत नाही. आणि न विचारता उत्तर मिळण्याची वेळ कोणावर येऊ नये, ही जबाबदारी क्लबने स्वतःहून उचलली आहे.

लोक या नियमाला संस्थापकांइतकाच जुना समजतात. तो तसा नाही. तो आर्ची गेडिसच्या एका दुपारचा आहे.

आर्ची गावात औषधाचं दुकान चालवायचा. तेव्हा तो तिशीत होता. मावसबहिणीचं लग्न आटोपून तो किल्टमध्येच क्लबवर आला आणि आपला जोडीदार सँडी रॅट्रे, जो गावचा खाटीक होता, त्याला म्हणाला की कपडे बदलायला वेळ नाही, उजेड जाण्याआधी निदान शेवटचा, अठरावा होल तरी खेळून घेऊ. किलरॉडनच्या अठराव्या होलमध्ये एक ओढा आडवा येतो. पहिल्याच फटक्यात चेंडू ओढ्यापलीकडे गेला तर क्लबच्या दारातली जुनी जहाजाची घंटा वाजवायची, अशी रीत आहे. घंटा क्वचित वाजते, कारण ओढा लांब आहे आणि वारा समोरचा. अट एकच: खेळणाऱ्याखेरीज आणखी कोणीतरी चेंडू ओलांडताना प्रत्यक्ष पाहिलेला असावा. तो नुसता पलीकडे सापडून चालत नाही. (चेंडू पलीकडे सापडण्याची कला किलरॉडनमध्ये पूर्वीपासून फार प्रगत आहे.)

त्या दुपारी शेजारच्या गावच्या महिला संघाचा चहा क्लबच्या ओसरीवर चालू होता. आर्चीने अंगातलं सगळं बळ लावून फटका मारला आणि त्याच क्षणी समुद्रावरून वारा आला. किल्ट वर गेला. तो बराच वेळ वर राहिला. आर्चीच्या म्हणण्याप्रमाणे त्या वेळात चेंडू ओढ्यावरून सरळ पलीकडे गेला. ओसरीवर आणि मैदानात मिळून तेव्हा निदान चाळीस डोळे उघडे होते. त्यांतला एकही चेंडूवर नव्हता.

घंटा वाजली नाही. उलट महिला संघाने पुढच्या खेपेला दुप्पट संख्येने यायचं कळवलं, त्यामुळे कार्यकारिणीला तातडीने नियम करणं भाग पडलं. मत द्यायला आर्ची स्वतः हजर होता आणि त्याने नियमाच्या बाजूने हात वर केला. वाऱ्याविरुद्ध मत द्यायची सोय नाही, म्हणून किल्टविरुद्ध देतो, असं तो म्हणाला. त्यानंतर तो जन्मभर तपकिरी पँटमध्ये खेळला आणि त्याचा चेंडू जन्मभर ओढ्यात पडला.

सँडीकडे त्याने पुष्कळदा रदबदली केली. सँडीचं उत्तर ठरलेलं असायचं.

"आर्ची, मी खोटं मटण विकत नाही आणि खोटी साक्ष देत नाही. त्या दिवशी मी सगळं पाहिलं. चेंडू तेवढा राहिला."

गेडिसांच्या घरी हा फटका रविवारच्या जेवणात वाढला जायचा. बटाट्याचं भांडं एकदा फिरून झालं की आर्ची सुरू करायचा. दर वर्षी चेंडू थोडा आणखी लांब जायचा. त्याची मुलगी इश्बेल लहानपणी डोळे मोठे करून ऐकायची, पुढे मान डोलवायची, आणि जवळच्या डंडी शहरात ग्रंथालयात नोकरीला लागल्यावर फोनवर हूं हूं करत ऐकायची.

यंदा वसंतात आर्ची गेला. शेवटच्या आठवड्यात, इस्पितळात, तो इश्बेलला म्हणाला, "किल्ट कोणाला द्यायचा तर दे. पण आधी एकदा त्याला ओढ्याकडे ने. कोणीतरी नीट बघत असेल अशा वेळी." मग त्याने बाहेर वारा आहे का ते विचारलं. तिने आहे म्हणून सांगितलं. नव्हता.

सभासद गेला की सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी त्याच्या घरच्या कोणीतरी त्याच्याच काठ्या घेऊन, त्याच्याच जोडीदाराबरोबर अठरावा होल खेळायचा, ही क्लबची दुसरी रीत. सगळे सभासद टोप्या काढून उभे राहतात. ही रीत अत्यंत हृद्य आहे आणि ती वेशाच्या नियमांच्या अधीन राहून पार पाडली जाते.

इश्बेलला खेळ वडिलांनीच शिकवला होता, मधली वीस वर्षं तो सुटला होता. यंदाचा सगळा उन्हाळा ती संध्याकाळी ग्रंथालयातून निघून परस्पर मैदानावर जायची आणि वडिलांच्या काठीने चेंडू मारायची. ओळखीचे लोक म्हणायचे, बरं करतेस, मन रमतं. मन रमत नव्हतं. फटका मात्र सुधारत होता.

सप्टेंबरात ती किल्ट पिशवीत घालून चिटणिसांकडे गेली. ते क्लबच्या दारातच, नियमांच्या पाटीखाली भेटले. पेटिग्रूंनी आधी दुखवटा व्यक्त केला. तो कार्यकारिणीच्या वतीने असल्यामुळे त्यात 'आम्ही' होतं. बोलता बोलता त्यांची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या हिरव्या-निळ्या चौकटींवर गेली.

"हा पिशवीतच राहणार आहे ना?"

"नाही. मी घालणार आहे."

"इश्बेल, या नियमासाठी तुझ्या वडिलांनीच हात वर केला होता."

"नियम पुरुषांना आहे, मिस्टर पेटिग्रू. बायकांना तुमचा स्कर्ट चालतो."

"स्कर्ट चालतो," पेटिग्रू म्हणाले. "किल्ट म्हणजे स्कर्ट नव्हे."

"बरं. स्कर्ट नाही, आणि मी पुरुष नाही. मग मी कोणता नियम मोडते आहे?"

पेटिग्रूंनी वर संस्थापकांकडे पाहिलं. संस्थापक चेंडूकडे बघत होते. पेटिग्रूंनी चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत हा विषय कार्यकारिणीपुढे ठेवावा लागेल असं त्यांच्या ध्यानात आलं.

कार्यकारिणीपुढचा पेच साधा नव्हता. नाही म्हणायचं तर किल्ट हा स्कर्ट आहे आणि उडाल्यावर तो मापात बसत नाही, असं दाखवावं लागत होतं. पण किल्ट हा स्कर्ट आहे असं एकदा कागदावर आलं की शेकडा नव्वद सभासदांची लग्नं स्कर्टमध्ये झाली होती, हेही त्याच कागदावर येत होतं. क्लबचे कप्तान डगल मॅक्फेल यांनी आयुष्यात निदान पाचशे पर्यटकांना, काहींना तर कॉलर धरून, हा स्कर्ट नाही हे समजावून सांगितलं होतं. त्यांनी प्रथम किल्ट टेबलावर पसरून पाहणी केली आणि तो उजव्या बाजूला बकल लावून अडकवायचा असल्याचं निदर्शनास आणलं. बायकांच्या कपड्याचं बकल डाव्या बाजूला असतं. सबब हे वस्त्र पुरुषाचं आहे. सबब त्याला पुरुषांचा नियम लागू आहे. सबब ते बाईने घातलं तरी त्यातली बाई पुरुष समजावी.

महिला विभागाच्या एफी क्रॉम्बी विणकाम खाली ठेवून म्हणाल्या, "स्कर्ट म्हणा आणि सुटा की एकदाचे. तुझ्या लग्नात तुला पाहून मीही तेच म्हटलं होतं, डगल. रंग शोभत होता."

यानंतर सभा काही काळ तहकूब करावी लागली.

पुन्हा भरल्यावर किल्टच्या कडेत मासेमारीचे शिशाचे गोळे शिवावेत, म्हणजे तो उडणार नाही, अशी सूचना आली. सँडी रॅट्रेला जोडीदार म्हणून बोलावलं होतं. त्याने एवढंच विचारलं की पोरगी ओढ्यात घसरली तर वर काढायला कार्यकारिणीतलं कोण उतरणार आहे, आणि त्याला पोहता येतं का. सूचना मागे घेण्यात आली.

शेवटी पेटिग्रूंनीच वाट काढली, आणि ती इतकी स्वच्छ होती की आधी कशी सुचली नाही याचं सगळ्यांना नवल वाटलं. क्लबच्या घटनेप्रमाणे सभासदत्व डिसेंबरअखेरपर्यंत चालतं. म्हणजे कै. आर्चिबाल्ड गेडिस हे आजही सभासद आहेत. शनिवारी त्यांचा होल, त्यांच्या काठ्यांनी, त्यांच्या जोडीदारासोबत खेळला जाणार आहे. म्हणजे खेळणार तेच आहेत. वेशाचे नियम हयात सभासदांच्या वर्तनासाठी असल्याने त्यांना लागू नाहीत. कु. इश्बेल गेडिस या किल्टच्या आत केवळ आधारापुरत्या हजर राहतील. मात्र ज्या अर्थी आतील व्यक्ती हयात आहे, त्या अर्थी किल्टची कड गुडघ्याच्या वर दोन इंचांपलीकडे जाऊ नये, व त्यासाठी निरीक्षक नेमण्यात यावेत. निरीक्षक कोणी व्हायचं यावर, कोणाचाच कोणावर विश्वास नसल्यामुळे, सगळी कार्यकारिणी निरीक्षक झाली.

ठराव एकमताने संमत झाला. आर्ची कशाने गेला, हे सभेत कोणी विचारलं नाही. तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

शनिवारी इश्बेलने किल्ट घातला. तो तिने धुतला नव्हता. लोकर सारखी धुवायची नसते, असं कारण तिने स्वतःला दिलं होतं. बकल शेवटच्या भोकात अडकवूनही तो कमरेत सैल होता, आणि मागच्या घड्या आर्चीच्या बसण्याने जशा फुगल्या होत्या तशाच होत्या. पुढे लटकणाऱ्या कातडी थैलीत लाकडी खुंट्या होत्या, बोटभर पेन्सिल होती आणि कागदात गुंडाळलेली पुदिन्याची गोळी होती.

"ही माझी," सँडी म्हणाला. "प्रवचन लांबलं की तो मला एक द्यायचा. लांबलं नाही तर ठेवून घ्यायचा." त्याने गोळी तोंडात टाकली आणि तो खेळायच्या जागेकडे चालू लागला.

तिथे पोचल्यावर इश्बेल म्हणाली, "सँडीकाका, बाकी कोण कुठे बघतंय ते बघू दे. तुम्ही चेंडू सोडू नका."

"नाही सोडत, पोरी. आता बाकी काही बघायचं वय तरी कुठे राहिलंय."

सभासद ओसरीपुढे टोप्या काढून उभे होते. कार्यकारिणीने खेळायच्या जागेभोवती अर्धवर्तुळ केलं होतं. डगल मॅक्फेल यांच्या हातात लाकडी पट्टी होती. पेटिग्रूंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. एफी क्रॉम्बींनी विणकाम आणलं होतं, पण सुया थांबलेल्या होत्या. वारा समुद्रावरून येत होता, समोरून, आर्चीच्या वेळी होता तसाच.

इश्बेलने खुंटी रोवली, चेंडू ठेवला आणि काठी मागे नेली. त्या वेळी किल्टची कड गुडघ्याच्या खाली होती. काठी खाली आली तशी कड गुडघ्याला लागली. आठ वार लोकर एकदम फिरली, मागच्या घड्या पंख्यासारख्या उघडल्या, वारा आत शिरला, चौकटी भरून आल्या (याच सुमारास चेंडू ओढा ओलांडून पलीकडच्या गवतात पडला), उजवीकडचं बकल आवाज करून सुटलं, डगल मॅक्फेल पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसले, कोणीतरी देवाचं नाव घेतलं, कड वर चढत दोन इंचांच्या अगदी तोंडाशी आली, तिथे थरथरत थांबली, आणि इश्बेलने डाव्या हाताने कंबर घट्ट धरल्यावर सावकाश, मोठ्या अदबीने, खाली आली.

ओसरीवरून टाळ्या पडल्या. किलरॉडनमध्ये टाळ्या सहसा पडत नाहीत.

"पावणेदोन," डगल मॅक्फेल उठता उठता म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता.

"अभिनंदन, इश्बेल," पेटिग्रू म्हणाले. "क्लबच्या वतीने."

"ओलांडला," इश्बेल म्हणाली.

"नाही नाही. पाव इंच राखून होता."

"चेंडू, मिस्टर पेटिग्रू. चेंडू ओलांडला."

निरीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मिळून ओढ्याकडे पाहिलं. ओढा वाहत होता.

एफी क्रॉम्बी म्हणाल्या, "मी बकलाकडे बघत होते गं. सुटलं ना ते."

इश्बेलने सँडीकडे पाहिलं. तो दोन्ही हात काठीवर टेकवून उभा होता आणि तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेत होता.

"मी चेंडूच बघणार होतो. पण तू पाठमोरी उभी राहिलीस आणि त्या मागच्या घड्या दिसल्या. मला वाटलं, तोच उभा आहे." त्याने नाक पुसलं. "मी खोटं नाही सांगणार, पोरी. मी पाहिलं नाही."

"माहीत आहे, सँडीकाका."

चेंडू पलीकडच्या गवतात सापडला. पण चेंडू पलीकडे सापडण्याविषयी वर सांगितलंच आहे. पेटिग्रू घंटेपर्यंत गेले, त्यांनी दोर हातातही घेतला, आणि मग नियम नियम असल्यामुळे तो अलगद सोडून दिला. इश्बेलने वाद घातला नाही. रविवारच्या जेवणात ज्या फटक्याला तिने इतकी वर्षं मान डोलवली होती, तो खरा होता, हे तिला आता कळलं होतं. अगदी असाच झाला असणार. हे सांगण्यासारखा माणूस एकच होता. तिने बकल पुन्हा लावलं, किल्ट कोणाला द्यायचा हा विचार सोडून दिला, आणि ती सँडीबरोबर चेंडूपर्यंत चालत गेली.

कार्यकारिणीच्या अहवालात त्या दिवसाचं वर्णन 'सर्व दृष्टींनी यशस्वी' असं आहे.

घंटेची बाब मात्र अद्याप निकालात निघालेली नाही. साक्षीदार क्लबचा सभासद असावा, किलरॉडनचा असावा, किंवा त्याला गोल्फ कळत असावं, अशी कुठेही अट नाही. चेंडू ओढ्यावरून जाताना त्याने लक्ष देऊन पाहिलेला असला म्हणजे झालं. चेंडू नेमका केव्हा गेला हे वर स्पष्ट लिहिलेलं आहे. तेव्हा ही हकीकत वाचणाऱ्यांपैकी ज्यांची नजर त्या क्षणी चेंडूवर होती, त्यांनी कृपया पेटिग्रूंना कळवावं. एकाचंही नाव आलं तर घंटा त्याच दिवशी वाजवण्यात येईल.

अजून कोणाचं आलेलं नाही. बकल कोणत्या बाजूचं सुटलं, हे मात्र सगळ्यांना सांगता येतं.